लाल गमबूट आणि बेडूक: फॉन्डन्टच्या एका केकचं प्रकरण

मागणी सहाव्या वाढदिवसाच्या मुलाची होती आणि ती अगदी नेमकी होती. केक लाल गमबुटाचा हवा, बूट उभा हवा आणि त्यातून बेडूक डोकावत असायला हवा. केक करणार होती त्याची मावशी, म्हणजे माझी मैत्रीण. ती घरी नेहमी केक करते, हाताला चव आहे. मात्र फॉन्डन्टने, म्हणजे लाटून केकवर चढवायच्या साखरेच्या मऊ पोळीने झाकलेला, उभ्या आकाराचा केक तिने कधी केला नव्हता. वाढदिवस रविवारी संध्याकाळी पाचला. शनिवार बाकीच्या तयारीला मोकळा मिळावा म्हणून तिने शुक्रवारीच बूट उभा केला, झाकला आणि फ्रिजमध्ये ठेवून दिला. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "अगं, बूट पुढे झुकलाय, घोट्यापाशी फाटलाय आणि लाल पाणी गळतंय. फॉन्डन्टच खराब निघाला!"

हे प्रकरण इतकं सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. केकवर डोळ्यांना फक्त फॉन्डन्ट दिसतो, म्हणून जे काही बिघडतं त्याचा दोष त्याच्याच माथी बसतो. मग पुढच्या वेळी लोक दुसऱ्या ब्रँडचं पाकीट आणतात आणि पुन्हा तेच होतं. भिंतीत ओल असली की वरून कितीही चांगला रंग लावा, पोपडे येणारच. फॉन्डन्टचंही तसंच आहे. तो सगळ्यात शेवटी चढतो आणि त्याच्या आधी घेतलेला प्रत्येक निर्णय स्वतःच्या अंगावर दाखवतो. या बुटात ते निर्णय एकेक करून वेगळे काढता आले.

बूट उभा कापल्यावर

मी पोचले तेव्हा ती वरचा लाल थर काढून नवा चढवायच्या तयारीत होती. तिला थांबवलं. बिघडलेला केक दुरुस्त करण्याआधी तो मधोमध उभा कापून बघावा, असं माझं ठाम मत आहे. वरून जे कळत नाही ते त्या कापात स्वच्छ दिसतं. तिला ते जिवावर आलं, पण तिने सुरी घेतली.

बुटाचे दोन भाग धरू: आडवं पाऊल आणि उभी नळी. नळीत हलक्या व्हॅनिला स्पंजचे सहा थर एकावर एक होते, मधे फेटलेलं क्रीम आणि फळाचा रस सुटलेलं सारण. नळी आणि पाऊल यांच्या मधे आधार काहीच नव्हता. सगळ्यात खालचे दोन थर चेपून निम्मे झाले होते. त्यांच्यातलं क्रीम कडेने बाहेर ढकललं गेलं होतं आणि त्याने फॉन्डन्टला आतून रेटा दिला होता. बाहेरून नळीला जे फुगीर वेढे पडलेले दिसत होते ते हेच.

मग फॉन्डन्टचा एक तुकडा सोलून उलटा केला. बाहेरच्या बाजूला अजून पापुद्रा होता, पण आतली बाजू चकचकीत, पाझरती, जवळजवळ पाकासारखी झालेली. त्याला चिकटून आलेलं क्रीम गुलाबी झालं होतं. शेवटी पट्टी लावून जाडी मोजली. बुटाच्या चवड्यावर थर जेमतेम २ मिलिमीटर, तर घोट्याच्या घडीत तो गोळा होऊन जवळजवळ १ सेंटिमीटर. एकाच पोळीतून आलेले हे दोन तुकडे होते. फाटला तो या दोघांच्या मधेच.

पाणी कुठून आलं

आधी पाण्याकडे बघू, कारण घरच्या फॉन्डन्ट केकचे बहुतेक हाल पाण्यामुळे होतात. फॉन्डन्ट म्हणजे मुख्यतः आयसिंग शुगर. सोबतीला ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, थोडा स्निग्ध पदार्थ आणि बांधून ठेवायला जिलेटिन किंवा डिंकाच्या जातीचं काही. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे चमचाभर पाणी जरी फॉन्डन्टपर्यंत पोचलं तरी ते आपल्या दुप्पट वजनाची साखर गिळतं. व्हिपिंग क्रीममध्ये ३५ टक्के स्निग्धांश धरला तरी उरलेलं बहुतेक पाणीच असतं. असं क्रीम फॉन्डन्टच्या थेट पाठीला लावलं की दोघं एकमेकांत विरघळायला लागतात, फक्त वेळेचा प्रश्न उरतो. केक लगेच खायचा असेल तर निभावतंही. दोन दिवस ठेवायचा असेल तर नाही.

दुसरं पाणी रंगातून आलं. तिने पांढरा फॉन्डन्ट घेऊन त्यात पातळ लाल रंग मळला होता. लाल आणि काळा या दोन रंगांना रंगद्रव्य फार लागतं. गुलाबीच्या पुढे गाडी जाईना म्हणून ती घालत गेली आणि बाटली जवळजवळ रिकामी झाली. गोळा चिकट झाला म्हणून तिने वरून आयसिंग शुगर मळली. चिकटपणा तात्पुरता दबला, पण गोळ्याची लवचिकता गेली. असा फॉन्डन्ट ताणला की फाटतो. शिवाय एवढा रंग जिभेला कडू लागतो. मी तुकडा चाखून बघितला, लागत होता.

तिसरं पाणी हवेतलं. त्या दिवशी बाहेर पावसाळी दमटपणा होता. हवा २७ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. फ्रिजमधून ४-५ अंशांवर बाहेर काढलेला केक बराच वेळ त्या रेषेच्या खालीच असतो. तिने "कसा दिसतोय" हे बघायला बूट चार वेळा बाहेर काढला होता. दर वेळी त्याला घाम आला, दर वेळी तो तसाच आत गेला. गळणारं लाल पाणी म्हणजे हे दव आणि त्यात उतरलेला रंग.

वजनाबद्दल वेगळं फार सांगायला नको, कापात ते दिसलंच. आकाराबद्दल मात्र सांगायला हवं. बूट हा झाकायला अवघड आकार आहे, कारण घोट्यापाशी तो आत वळतो. फॉन्डन्टची पोळी फुगीर आकारावर छान बसते. खोलगट जागी ती आधी पूल बांधते, मग आपण ती आत दाबतो, मग एका बाजूने ताणली जाते आणि दुसरीकडे तिच्या चुण्या पडतात. एका पोळीत अख्खा बूट झाकणं सराईत हातालाही जड जातं.

काय ठेवायचं, काय सोडायचं

मी सुचवलं की बूट आडवा करू. आडव्या बुटाला आधाराची गरज नाही, झाकायलाही सोपा. तिने साफ नकार दिला. "त्याने उभा म्हटलंय. बेडूक आडव्या बुटातून डोकावत नाही, सरपटत बाहेर येतो." तिचं बरोबर होतं. असा केक मुलाच्या डोळ्यांपुढे आधीच तयार असतो. त्याने सांगितलेल्या गोष्टी तीनच होत्या: लाल, उभा, बेडूक. त्या तिन्ही राखायच्या आणि आतलं सगळं बदलायचं, असं ठरलं. केक व्हॅनिलाचा की चॉकलेटचा, सारण कसलं, हे त्याने विचारलंही नव्हतं.

मग वेळ उलटी मोजली. रविवारी पाचला केक टेबलावर. साडेतीनला घरातून निघायचं. म्हणजे एकपर्यंत सगळं झाकून, जोडून व्हायला हवं. त्यासाठी फॉन्डन्टखालचं गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) रात्रभर घट्ट व्हायला हवं, म्हणजे ते शनिवारी संध्याकाळी लावून झालं पाहिजे. म्हणजे केक शनिवारी सकाळी भाजायचा. आणि सगळ्यात जास्त वेळ लागतो सुकायला, म्हणून शुक्रवारी रात्री अकरा वाजता आम्ही ओव्हनला हात न लावता बेडूक करायला बसलो.

बेडूक

तिचा पहिला बेडूक अख्खा होता: पोट, चार पाय, डोकं. साध्या फॉन्डन्टचा. तो नुसत्या स्वतःच्या वजनाने पसरला होता. साधा फॉन्डन्ट मऊ राहण्यासाठीच बनवलेला असतो, ग्लिसरीन त्याला सुकू देत नाही. उभं राहणाऱ्या आकृतीसाठी त्यात सीएमसी मळावं लागतं. ही बारीक पांढरी पावडर टायलोज या नावानेही मिळते. २५० ग्रॅम फॉन्डन्टला एक सपाट टीस्पून पुरते. मळून गोळा क्लिंग रॅपमध्ये गुंडाळून अर्धा तास ठेवला की त्याला ताण येतो आणि बोटाचा ठसा त्यात स्वच्छ उमटून राहतो.

या वेळी बेडकाचा फक्त दिसणारा भाग केला: डोकं, खांद्यापर्यंतचं अंग आणि बुटाच्या कडेवर टेकलेले दोन पुढचे पाय. वजन दीडशे ग्रॅमच्या आत राहिलं. बुटाच्या आतला बेडूक कोणीच बघणार नव्हतं. डोक्यासाठी गोळा घेऊन तो तळहातांच्या मधे फिरवून गुळगुळीत केला, बडीशेपेच्या दाण्याएवढीही भेग राहू दिली नाही, कारण ओल्या गोळ्यातली बारीक भेग सुकल्यावर दुप्पट दिसते. मग अंगठ्याने मधे हलकं दाबून डोळ्यांच्या जागा केल्या. तोंडाची रेघ गोल झाकणाची कड टेकवून उमटवली. डोळे पांढऱ्या गोळीचे, त्यात काळा ठिपका, आणि काळ्या ठिपक्यात वरच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. हा शेवटचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा. तो लागेपर्यंत समोर एक हिरवा गोळा होता. लागला आणि तो आमच्याकडे बघायला लागला.

पांढरं काम आधी, हिरवं मग, लाल सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नये. लाल रंग नखांत बसतो आणि पुढच्या प्रत्येक पांढऱ्या गोष्टीवर उमटतो.

डोकं धडावर बसवायला तिने टूथपिक काढली होती. ती मी बाजूला ठेवायला लावली. लहान मुलांच्या केकमध्ये टूथपिक, टाचणी, तार काही नको. मूल बेडकाचं डोकं थेट तोंडात घालतं. त्याऐवजी कोरड्या स्पॅगेटीचा तुकडा घातला. तो वजन पेलतो आणि चुकून चावला गेला तरी टूथपिकपेक्षा इजेची भीती कमी. चिकटवायला पाव टीस्पून सीएमसी दोन टेबलस्पून पाण्यात भिजवलं. सुरुवातीला गुठळ्या दिसतात, काही तासांनी पारदर्शक डिंक तयार होतो. रात्री घाई होती म्हणून पाण्याचा हलका हात फिरवून भागवलं, तो डिंक रविवारी कामी आला. बेडूक फोमच्या तुकड्यावर, पंख्याच्या वाऱ्यात, उघडा ठेवला. फ्रिजमध्ये ठेवला असता तर सुकला नसता.

दुसरा बूट

केकसाठी पाउंड केकचं जुनं प्रमाण धरलं: मैदा, लोणी, साखर, अंडी समान वजनाची. २५ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनला प्रत्येकी ४०० ग्रॅम, मैद्यातले साठ ग्रॅम काढून त्या जागी कोको. असे दोन केक, १६० अंशांवर सावकाश भाजलेले. मंद आचेवर मधे घुमट कमी येतो आणि कापून वाया कमी जातं. असा केक जड, बारीक कणांचा होतो आणि कोरताना भुगा होत नाही. हलक्या स्पंजवर मला राग नाही, क्रीमच्या केकला तोच हवा. पण ज्याला आकार द्यायचा आणि ज्याच्यावर वजन ठेवायचं तो केक दाट हवा.

निवल्यावर दोन्ही केक गुंडाळून तीन तास फ्रिजमध्ये ठेवले. इथे फ्रिजचा उपयोग आहे, कारण थंड केक कडक होतो आणि सुरी हवी तशी फिरते. प्रत्येक चौकोनातून २५ बाय १३ ची एक पट्टी काढली, दोन पट्ट्या एकावर एक ठेवून ९ सेंटिमीटर उंचीचं पाऊल झालं. उरलेल्या भागातून ११ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या निघाल्या, त्यातल्या तीन नळीला लागल्या. ब्रेड कापायच्या दात्यांच्या सुरीने पावलाचा चवडा गोल केला, पुढे उतार दिला. कोरताना थोडं थोडं काढायचं आणि दर दोन कापांनंतर चार पावलं मागे जाऊन बघायचं. जवळून बघत कोरलेला बूट लांबून एका बाजूला कललेला निघतो.

क्रीमच्या जागी गनाश आलं. डार्क चॉकलेटचं नेहमीचं प्रमाण दोनास एक: चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. पांढऱ्या चॉकलेटला तीनास एक, कारण ते जात्याच मऊ. आमच्याकडे उकाडा होता म्हणून डार्कलाही अडीचास एक धरलं, ७५० ग्रॅम चॉकलेटला ३०० ग्रॅम क्रीम. क्रीम उकळी फुटेपर्यंत तापवून चिरलेल्या चॉकलेटवर ओतलं, तीन मिनिटं हात लावला नाही, मग मधून बाहेर ढवळत नेलं. घट्टसर झाल्यावर आधी पातळ हात फिरवून भुगा बांधून घेतला, तासाभराने वर अर्धा सेंटिमीटरचा थर दिला. गनाशमध्ये क्रीम असतं हे खरं, पण त्यातलं पाणी चॉकलेटातल्या साखरेने आणि कोकोने धरून ठेवलेलं असतं, ते फॉन्डन्टकडे धाव घेत नाही. आणि घट्ट झालेलं गनाश हे खरं कवच आहे. सकाळी त्यावर बोटाने टकटक केल्यावर आवाज आला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची काळजी पहिल्यांदा कमी झाली.

मात्र पाऊल आणि नळी आम्ही एकत्र जोडली नाहीत. घोटा झाकायचाच नाही, असं ठरवलं होतं. दोन फुगीर आकार वेगवेगळे झाकायचे, मग एकावर एक ठेवायचे आणि जोडावर पट्टा लावायचा. खरा गमबूट समोर ठेवून बघितला तर त्यालाही सोलच्या वर कड असते, मागे उभी शिवण असते, वर जाड काठ असतो. बूट तयार करणाऱ्याने जिथे जोड घेतला तिथेच आपण घ्यायचा. ही युक्ती कुठल्याही आकाराच्या केकला लागू पडते: गाडीला दरवाज्याची फट, प्राण्याला पट्टा, किल्ल्याला बुरुजाची कड.

नळीचं वजन सगळं धरून दीड किलोच्या घरात जाणार होतं. म्हणून ती १० सेंटिमीटरच्या पातळ गोल बोर्डावर उभारली, म्हणजे बोर्ड गनाशच्या आत लपला. पावलाच्या टाचेकडच्या भागात जाड स्ट्रॉ घालायचे होते. पहिला स्ट्रॉ तळापर्यंत दाबला, जिथे तो वरच्या पृष्ठभागाला टेकला तिथे नखाने खूण केली, बाहेर काढला आणि त्याच मापाने पाचही कापले. प्रत्येक स्ट्रॉ वेगळा मापू नये. केकचा पृष्ठभाग कुठे वर कुठे खाली असतो, पण बोर्ड सपाट बसायला पाचही एकाच उंचीचे हवेत. चार कोपऱ्यांवर आणि एक मधल्या जागेच्या किंचित बाजूला, कारण मधून टोक काढलेली लाकडी डॉवेल (गोल काठी) जायची होती. तिच्यासाठी बोर्डाला आधीच भोक पाडून ठेवलं होतं. स्ट्रॉ वजन पेलतात आणि डॉवेल नळीला सरकू देत नाही, ही दोन वेगळी कामं आहेत.

झाकण्याचा दिवस

लाल फॉन्डन्ट तयार रंगाचा आणला. गडद लाल आणि काळा घरी मळत बसू नये, असं मी आग्रहाने सांगते. मळायचाच असेल तर जेल कलर घ्यावा, हव्या त्या छटेच्या किंचित अलीकडे थांबावं आणि गोळा रात्रभर ठेवावा, रंग आपोआप गडद होतो.

पाऊल झाकायला पोळी केवढी लाटायची याचा हिशेब सोपा आहे: केकची लांबी आणि दोन्ही बाजूंची उंची, वर थोडी मोकळीक. आमची पोळी ४५ बाय ३३ सेंटिमीटरची होती, जाडी ४ मिलिमीटर. दर दोन लाटण्यांनंतर ती उचलून थोडी फिरवायची, म्हणजे खाली चिकटत नाही. खाली कॉर्नफ्लोर अगदी चिमूटभर, जास्त झालं तर पृष्ठभाग कोरडा पडून बारीक सुरकुत्या येतात. त्या आल्याच तर वनस्पती तुपाचा पुसट हात फिरवून तळव्याने घासावं. गनाशवर उकळून गार केलेल्या पाण्याचा ब्रश फक्त ओलसर होईल एवढा फिरवला. पोळी वरून टाकल्यावर आधी माथा, मग चवडा, मग कडा, असं खाली येत गेलो. कडेच्या चुणीला ओढून बसवायचं नाही. ती बाहेर उघडायची आणि तळव्याने वरून खाली निजवायची. आत वळणारा घोटा आता नव्हताच, त्यामुळे पोळी एकदाच टाकली आणि बसली.

नळीसाठी ३८ बाय १४ ची पट्टी कापली. ती केकपेक्षा सेंटिमीटरभर उंच होती, म्हणजे वर रिकामी कड राहून बुटाचं तोंड तयार झालं. ती कड उभी राहावी म्हणून एवढ्या पट्टीत थोडं सीएमसी मळलं होतं. पट्टी लाटण्यावर सैल गुंडाळून नळीभोवती उलगडत नेली, जोड मागे आणला आणि त्यावर बारीक उभी शिवण लावली. तोंडात काळी चकती. मग स्ट्रॉ, मग नळी पावलावर, मग वरून डॉवेल. शेवटी जोडावर पट्टा आणि तळाला दीड सेंटिमीटरचा काळा सोल. सोलने खालची कापलेली कड झाकली.

दुपारपर्यंत नळीच्या मागे एक छोटा फुगा आला. दाट केकमध्येही अडकलेली हवा वाट शोधते. बारीक टाचणी तिरकी टोचून, बोटाने भोकाकडे हवा ढकलून तो बसवला, आणि टाचणी मोजून डबीत परत ठेवली. पट्टा किंचित तिरका बसला होता, तो तसाच ठेवला.

मधे एक वाद झाला. तिने बुटाला चकाकी यावी म्हणून चमकीची पावडर आणली होती. डबीवर "विषारी नाही" असं लिहिलेलं, पण घटकांची यादी नाही. मी ती वापरू दिली नाही. "विषारी नाही" आणि "खाण्यायोग्य" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाचा केक खाऊन मुलं आजारी पडली होती, तपासात केकवरच्या चमकीच्या पावडरीत तांब्याचं प्रमाण फार जास्त सापडलं. तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने याबद्दल लोकांना सावधही केलं आहे. खाण्याच्या वस्तूवर घटक लिहिलेले असतात, जिथे ते नाहीत ती डबी स्वयंपाकघरात नको. (याच कारणासाठी फॉन्डन्टचं पाकीटही वाचावं. पुष्कळ फॉन्डन्टमध्ये जिलेटिन असतं आणि पाहुण्यांमध्ये ते न खाणारे असू शकतात.) चकाकी हवी तर केटलीची वाफ लांबून काही सेकंद द्यावी. पृष्ठभाग चमकतो. सुकेपर्यंत हात लावू नये, एवढंच. आम्ही फक्त चवड्याला दिली. पावसात भिजलेल्या बुटासारखी ती जागा दिसली आणि तेवढं पुरेसं होतं.

फ्रिजमध्ये बूट शेवटपर्यंत गेला नाही. एक रात्र आणि एक दिवस, बंद खोलीत, पंख्याखाली. सारण नासणारं असतं, ताजी फळं किंवा क्रीम असतं, तर फ्रिजला पर्याय नव्हता. तशा वेळी केक बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोकं उघडू नये. दव खोक्यावर बसतं, केकवर नाही. तरी घाम आलाच तर पुसायला जाऊ नये, वारा लावून सुकू द्यावा. बोटाचा ठसा मात्र सुकत नाही.

नेताना खोकं मांडीवर न घेता गाडीच्या तळाशी सपाट ठेवलं, खाली न घसरणारी जाळी. केक ४ किलोच्या आसपास होता, म्हणून तळाचा बोर्ड १२ मिलिमीटर जाडीचा घेतला होता. पातळ बोर्ड उचलताना वाकतो आणि तेवढ्याने फॉन्डन्टला भेग जाते. बेडूक वेगळ्या डबीत नेला आणि तिथे पोचल्यावर डिंकाने बसवला. दोन्ही पाय कडेवर टेकले, हनुवटी त्यांच्या मधे. मुलगा टेबलाभोवती फिरला, बुटाच्या मागून वाकून बघितलं आणि विचारलं, "मावशी, याचे मागचे पाय आत आहेत ना?" ती म्हणाली, "आत आहेत." तो पुढे फिरत राहिला.

कापताना आधी बेडूक काढून मुलाच्या ताटलीत दिला, स्पॅगेटीचा तुकडा आमच्या देखत बाहेर काढून. मग डॉवेल वर ओढली, नळी बोर्डासकट उचलून दुसऱ्या ताटात ठेवली आणि तिचे गोल तुकडे न करता उभे काप केले, म्हणजे प्रत्येकाला तिन्ही थर मिळाले. ज्यांना फॉन्डन्ट गोड वाटतो त्यांनी तो सोलून बाजूला ठेवला, खाली गनाश असल्यामुळे त्यांचा केक उघडा पडला नाही. पावलाला सुरी लावण्याआधी तिने पाचही स्ट्रॉ एकेक करून बाहेर काढले आणि ओट्यावर मोजून ठेवले.